घरच्या वजनकाट्यावर घनता: वस्तुमान, आकारमान आणि घनता यांचे नाते मोजून पाहण्यासाठी

मराठीत ‘जड’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि घनतेबद्दलचा बहुतेक गोंधळ याच शब्दापाशी सुरू होतो. ‘गव्हाचे पोते जड आहे’ असे म्हणताना आपण समोरच्या एका पोत्याबद्दल बोलत असतो. त्यातले अर्धे गहू काढून घेतले की ते तेवढे जड राहत नाही. ‘शिसे जड असते’ असे म्हणताना मात्र आपण कोणत्याही एका तुकड्याबद्दल बोलत नसतो. शिशाची लगड अर्धी केली, पाव केली, तिचे बारीक छर्रे पाडले, तरी ते विधान तसेच खरे राहते. पहिल्या वाक्यातले जडपण म्हणजे वस्तुमान आणि दुसऱ्यातले जडपण म्हणजे घनता.

ज्यांनी शाळेत ‘वस्तुमान भागिले आकारमान’ हे सूत्र पाठ केले, पण प्रत्यक्षात कोणत्याही वस्तूची घनता कधी मोजली नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. लागणारे साहित्य बहुतेक घरांत असते: १ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा आणि ५ किलोग्रॅमपर्यंत भार घेणारा डिजिटल वजनकाटा, तोंडाशी रुंद असलेले एक भांडे, शिवणकामाचा बारीक दोरा, टेप आणि पाणी. माझे एक मत आधीच सांगून ठेवतो, कारण या लेखाची पुढची मांडणी त्याच्यावरच उभी आहे. घनता काढताना वस्तुमान फारसे अडवत नाही. वस्तू काट्यावर ठेवली की ते समोर येते. चूक होते ती जवळजवळ नेहमी आकारमानात, आणि म्हणून घनता मोजायला शिकणे म्हणजे मुख्यतः आकारमान नीट मोजायला शिकणे होय.

तीन राशी आणि त्यांची एकके

वस्तुमान म्हणजे वस्तूत असलेल्या द्रव्याचे मान. ते ग्रॅम किंवा किलोग्रॅममध्ये मोजतात आणि वस्तू पृथ्वीवर असो वा चंद्रावर, ते बदलत नाही. वजन म्हणजे त्या वस्तूवर लागणारे गुरुत्वाकर्षणाचे बल, जे चंद्रावर पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश भरते. आपला काटा खरे तर हे बलच अनुभवतो आणि पृथ्वीवरील गुरुत्व गृहीत धरून ते ग्रॅममध्ये दाखवतो. घरच्या कामासाठी त्या आकड्याला वस्तुमान म्हणण्यात काहीही वावगे नाही. ही बाब पुढे एका ठिकाणी फार उपयोगी पडणार आहे, म्हणून लक्षात ठेवावी.

आकारमान म्हणजे वस्तूने व्यापलेली जागा. ते घनसेंटिमीटर, लिटर किंवा घनमीटरमध्ये मोजतात. १ मिलीलिटर म्हणजे १ घनसेंटिमीटर आणि १ घनमीटर म्हणजे १००० लिटर. आपल्याकडे धान्य मोजण्यासाठी वापरली जाणारी पायली आणि मापी शेर ही आकारमानाची मापे होती, वजनाची नव्हेत. त्यामुळे ४ शेरांची एक पायली ज्वारीने भरली काय किंवा पोह्यांनी भरली काय, पायली एकच असे, पण तिच्यातल्या मालाचे वजन मात्र फार वेगळे भरत असे. त्या दोन पायल्यांच्या वजनातला फरक म्हणजेच घनतेतला फरक.

घनता म्हणजे एका घनसेंटिमीटर जागेत किती ग्रॅम द्रव्य मावले आहे याचा आकडा. तो काढण्यासाठी ग्रॅममधील वस्तुमानाला घनसेंटिमीटरमधील आकारमानाने भागावे. उलट, घनता आणि आकारमान माहीत असेल तर त्यांचा गुणाकार म्हणजे वस्तुमान. आणि वस्तुमानाला घनतेने भागले की आकारमान मिळते. ही तीन वेगवेगळी सूत्रे म्हणून पाठ करण्याची गरज नाही. ‘दर घनसेंटिमीटरला इतके ग्रॅम’ हे वाक्य ‘दर किलोला इतके रुपये’ या वाक्यासारखे वाचले, तर केव्हा गुणायचे आणि केव्हा भागायचे हे आपोआप कळते. पुस्तकांत घनता कधी किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये दिलेली असते. तो आकडा १००० ने भागला की ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर मिळतो. पाण्याची घनता म्हणूनच एका ठिकाणी १ आणि दुसऱ्या ठिकाणी १००० अशी दिसते.

पाण्याची घनता इतकी नेमकी १ कशी, हा प्रश्न विद्यार्थ्यांना पडत नाही याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. हा योगायोग नाही. फ्रान्समध्ये १७९५ साली ग्रॅमची व्याख्याच मुळी एक घनसेंटिमीटर पाण्याचे वस्तुमान अशी करण्यात आली आणि चार वर्षांनी त्यासाठी पाण्याचे ४ अंश सेल्सिअस हे तापमान धरले गेले, कारण त्या तापमानाला पाणी सर्वांत घन (म्हणजे सर्वांत जास्त घनतेचे) असते. २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे भौतिकशास्त्रातल्या एका न बदलणाऱ्या राशीवर, आधारलेली आहे, तरी तो जुना संबंध व्यवहारात जसाच्या तसा टिकून आहे आणि घरात घनता मोजणे सोपे जाते ते त्याच्यामुळेच.

आणखी एका शब्दाबद्दल सावध राहावे. ‘दाट’ म्हणजे घन नव्हे. मध दाटही असतो आणि पाण्यापेक्षा घनही असतो, पण शेंगदाण्याचे तेल पाण्यापेक्षा दाट असूनही त्याची घनता सुमारे ०.९१ असते आणि ते पाण्यावर तरंगते. द्रव किती सावकाश वाहतो हा त्याच्या विष्यंदितेचा प्रश्न आहे. घनतेशी त्याचा थेट संबंध नाही.

पहिली पायरी: ज्यांचा आकार टेपने मोजता येतो त्या वस्तू

सुरुवात विटेसारख्या वस्तूने करावी. लांबी, रुंदी आणि जाडी सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करावा आणि वजनाला त्याने भागावे. १९ × ९ × ९ सेंटिमीटरच्या विटेचे आकारमान १५३९ घनसेंटिमीटर होते. तिचे वजन २९०० ग्रॅम भरले तर घनता सुमारे १.८८ येते. येथे एक गोष्ट तपासून पाहावी. ९ सेंटिमीटरची बाजू मोजताना १ मिलिमीटरची चूक झाली तर ती सव्वा टक्क्याच्या आतली चूक आहे, पण तिन्ही बाजू एकाच दिशेने चुकल्या तर चुकांची बेरीज होते आणि आकारमान जवळजवळ तीन टक्क्यांनी बिघडते. वजनात १ ग्रॅमची चूक झाली असती तर विटेच्या बाबतीत ती जाणवलीही नसती.

गोल वस्तूसाठी व्यास मोजणे अवघड जाते, म्हणून टेप गुंडाळून परिघ घ्यावा. परिघाचा घन करून त्याला ५९.२ ने भागले की गोलाचे आकारमान मिळते. क्रिकेटच्या नियमांनुसार पुरुषांच्या सामन्यातल्या चेंडूचे वजन १५५.९ ते १६३ ग्रॅम आणि परिघ २२.४ ते २२.९ सेंटिमीटर असावा लागतो. मधले आकडे घेतले तर आकारमान सुमारे १९६ घनसेंटिमीटर आणि घनता सुमारे ०.८१ येते. दोन्ही टोकांचे आकडे घेऊन पाहिले तरी उत्तर ०.७७ ते ०.८६ यांच्या बाहेर जात नाही. म्हणजे नियमात बसणारा लेदरचा चेंडू हाताला कितीही टणक आणि वजनदार लागला तरी तो पाण्यावर तरंगला पाहिजे, हे तो पाण्यात टाकण्यापूर्वीच सांगता येते. हातातले जडपण आणि घनता यांतला फरक मुलांना दाखवण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

दुसरी पायरी: पाण्याची पातळी, आणि ती का पुरत नाही

नदीतला गोटा, किल्ली किंवा मूर्ती यांचे आकारमान टेपने मोजता येत नाही. त्यासाठी शाळेत शिकवलेली पद्धत अशी: रेघा आखलेल्या मोजपात्रात पाणी घ्यावे, पातळी वाचावी, वस्तू पूर्ण बुडवावी, पुन्हा पातळी वाचावी, दोन्हींतला फरक म्हणजे आकारमान. पातळी वाचताना डोळा पाण्याच्या पृष्ठभागाच्या सरळ रेषेत ठेवावा आणि काचेला चिकटून वर चढलेली कड सोडून मधली खालची पातळी धरावी.

पद्धत बरोबर आहे, पण घरातल्या मोजपात्रावर ती फार ढोबळ उत्तर देते. समजा ३४२ ग्रॅमचा काळ्या पाषाणाचा गोटा बुडवल्यावर पातळी २५० वरून ३७० मिलीलिटरवर गेली. १२० ने भागले की २.८५ मिळते. परंतु १० मिलीलिटरच्या रेघांवर आपण ५ मिलीलिटरपेक्षा बारीक अंतर खात्रीने वाचू शकत नाही, म्हणून आकारमान ११५ ते १२५ यांमध्ये कोठेही असू शकते आणि घनता २.७४ ते २.९७ यांमध्ये कोठेही. दुसऱ्या दशांशस्थळावरचा तो ५ लिहिणे म्हणजे जे मोजलेच नाही ते लिहिणे होय.

प्राचीन ग्रीक गणितज्ञ आर्किमिडीज आणि सिराक्यूज या ग्रीक नगराचा राजा हिएरो यांची मुकुटाची कथा याच अडचणीपाशी येऊन थांबते. मुकुटात चांदीची भेसळ आहे का, हे भांड्यातून सांडलेल्या पाण्यावरून ओळखले, अशी ती कथा रोमन स्थापत्यकार विट्रुव्हियसने सांगितली आहे. आता हिशेब करून पाहावा. १ किलोग्रॅम शुद्ध सोन्याचे आकारमान सुमारे ५२ घनसेंटिमीटर असते. त्यात ३० टक्के चांदी मिसळली तर ते सुमारे ६५ होते. मुकुट मावेल असे २० सेंटिमीटर व्यासाचे भांडे घेतले, तर या १३ घनसेंटिमीटरच्या फरकाने पाण्याच्या पातळीत जेमतेम ०.४ मिलिमीटर फरक पडतो. भांड्याच्या काठावर पाण्याचा फुगवटाच याहून जास्त धरून राहतो. गॅलिलिओने १५८६ साली लिहिलेल्या एका छोट्या निबंधात याच कारणाने सांडलेल्या पाण्याची कथा नाकारली आणि आर्किमिडीजने मुकुट पाण्यात टांगून तोलला असावा असे मत मांडले. आकारमान पातळीने न मोजता तराजूने मोजावे, हा त्यातला मुख्य विचार आहे आणि तो आज आपल्या ओट्यावर अमलात आणता येतो.

तिसरी पायरी: वस्तू टांगून आकारमान तोलणे

प्रथम कोरडी वस्तू काट्यावर ठेवून तिचे वस्तुमान लिहून घ्यावे. मग काट्यावर रुंद भांडे ठेवून त्यात वस्तू पूर्ण बुडेल इतके पाणी भरावे, आणि भांडे काट्यावर असतानाच काटा शून्यावर आणावा. त्यानंतर वस्तूला बारीक दोरा बांधून ती हाताने, किंवा शक्य असल्यास बाजूला रोवलेल्या काठीवरून, पाण्यात अशी सोडावी की ती पूर्ण बुडेल पण तळाला किंवा बाजूला कोठेही टेकणार नाही. आता काट्यावर जितके ग्रॅम दिसतात, तितके घनसेंटिमीटर त्या वस्तूचे आकारमान.

वरच्याच गोट्याने ११८ ग्रॅम दाखवले, तर घनता ३४२ भागिले ११८, म्हणजे २.९० येते. १ ग्रॅम इकडेतिकडे झाला तरी उत्तर २.८७ ते २.९२ यांमध्ये राहते. तोच काटा, तोच गोटा आणि तेच पाणी. चूक मात्र सुमारे एक पंचमांशावर आली. सह्याद्रीच्या बेसॉल्टची घनता साधारण २.८ ते ३ असते, त्यामुळे हा आकडा पाहून गोटा कोणत्या दगडाचा असावा याचा अंदाजही आता करता येतो.

हे असे का होते, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. बुडालेल्या वस्तूला पाणी वर ढकलते आणि ते प्लावक बल वस्तूने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके असते. पाणी वस्तूला वर ढकलते, म्हणजे वस्तूही पाण्याला तितक्याच बलाने खाली ढकलते. वस्तूचे उरलेले वजन दोरा पेलतो, म्हणून ते काट्याला कळत नाही. काट्याला कळते ते फक्त हे खाली ढकलणे, म्हणजेच बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. काटा मुळात बल अनुभवतो असे आरंभी म्हटले होते, ते येथे उपयोगी पडते. आणि १ घनसेंटिमीटर पाणी म्हणजे १ ग्रॅम असल्यामुळे ग्रॅमचा आकडाच आकारमानाचा आकडा होतो.

पहिल्या काही प्रयत्नांत उत्तर चुकते ते ठरावीक कारणांमुळे. वस्तू तळाला टेकली तर तिचे उरलेले वजनही काट्यावर येते आणि आकारमान खूप मोठे, घनता खूप लहान दिसते. वस्तूला हवेचे बुडबुडे चिकटले तरी तसेच होते, कारण बुडबुडाही पाणी बाजूला सारतो. म्हणून वस्तू आधी ओली करून, पाण्यात दोनतीनदा हलवून मगच आकडा वाचावा. बरेच डिजिटल काटे थोडा वेळ काही हालचाल न झाल्यास बंद होतात आणि शून्याची नोंद विसरतात, तर काही काटे फार हळूहळू वाढणारा भार शून्य समजून गिळून टाकतात. यासाठी वस्तू एका दमात, पण पाणी न उडवता सोडावी आणि प्रत्येक मोजणी तीनदा करावी. काट्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी एकच वस्तू रिकाम्या काट्यावर आणि पाण्याने भरलेले भांडे ठेवून शून्य केलेल्या काट्यावर तोलून पाहावी. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर तो काटा या कामाचा नाही.

न बुडणाऱ्या, विरघळणाऱ्या आणि लहान वस्तू

तरंगणाऱ्या वस्तूची मोजणी या पद्धतीत सर्वांत सुंदर होते. सागवानाचा १० × ५ × २ सेंटिमीटरचा तुकडा घ्यावा; त्याचे वजन समजा ६६ ग्रॅम आहे. शून्य केलेल्या भांड्यात तो नुसता तरंगत सोडला तर काटा ६६ दाखवतो, म्हणजे तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतकेच पाणी बाजूला सारते हा नियम समोर आकड्यात दिसतो. आता बारीक सुईने तो तुकडा जेमतेम पाण्याखाली दाबून धरावा. काटा १०० दाखवेल, जे त्याचे आकारमान आहे, आणि घनता ०.६६. तुकड्याचा ६६ टक्के भाग पाण्याखाली आणि ३४ टक्के वर का होता, हेही याच दोन आकड्यांवरून कळते.

पाण्यात विरघळणाऱ्या वस्तूसाठी तेल घ्यावे. दोऱ्यावर जमवलेली खडीसाखर या कामासाठी जणू तयारच असते, तिला वेगळा दोरा बांधावा लागत नाही. समजा ६३ ग्रॅमचा खडा शेंगदाण्याच्या तेलात टांगल्यावर काट्याने ३६ दाखवले. हे ३६ ग्रॅम तेल आहे, पाणी नव्हे. म्हणून त्याला तेलाच्या घनतेने, ०.९१ ने, भागून आकारमान सुमारे ३९.६ घनसेंटिमीटर काढावे. ६३ ला त्याने भागल्यावर १.५९ येते आणि साखरेच्या स्फटिकाची घनता तितकीच असते.

एका खिळ्याची घनता १ ग्रॅमच्या काट्यावर काढता येत नाही, पण पन्नास खिळ्यांची जुडी बांधून काढता येते. फक्त खिळ्यांच्या फटींतली हवा निघून गेली पाहिजे. जांभा दगड किंवा वीट यांसारख्या सच्छिद्र वस्तू पाणी शोषतात, त्यामुळे आकडा वाचता वाचता बदलत राहतो. अशी वस्तू कोरडी तोलून घ्यावी, रात्रभर पाण्यात भिजवावी, वरचे पाणी पुसावे आणि मग टांगावी. असे केल्यावर काटा जे आकारमान दाखवतो त्यात उघड्या छिद्रांतली जागाही धरलेली असते, कारण त्या छिद्रांत शिरलेले पाणी आता वस्तूचाच भाग म्हणून तोलले जाते.

द्रवांची घनता

द्रवासाठी लहान तोंडाची, झाकणाची एक कोरडी बाटली पुरते. ती रिकामी तोलावी, काठोकाठ पाणी भरून तोलावी, पुन्हा कोरडी करून तितकाच द्रव भरून तोलावी. रिकामी बाटली २४, पाण्याची २७४ आणि तेलाची २५२ ग्रॅम भरली, तर पाणी २५० आणि तेल २२८ ग्रॅम आहे आणि तेलाची सापेक्ष घनता, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, २२८ भागिले २५० म्हणजे ०.९१२ आहे. बाटलीवर छापलेले माप विश्वासाने घेऊ नये. बाटलीत खरोखर किती मावते हे पाणी सांगते. ३० अंश सेल्सिअसला पाण्याची घनता ०.९९६ असते, म्हणून अगदी काटेकोर उत्तर हवे असेल तर त्याने गुणावे, एरवी हा अर्ध्या टक्क्याहून लहान फरक सोडून द्यावा.

या पद्धतीने दुधातले पाणी ओळखता येईल का, असे पुष्कळजण विचारतात. दुधाची घनता सुमारे १.०३ असते आणि दहा टक्के पाणी मिसळल्यावर ती सुमारे १.०२७ होते. २५० मिलीलिटरच्या बाटलीत हा फरक ०.७५ ग्रॅम आहे, म्हणजे आपल्या काट्याला तो दिसणारच नाही. १ लिटरच्या बाटलीत तो ३ ग्रॅम आहे आणि जेमतेम दिसेल. दुग्धमापी हे उपकरण दुधात किती खोल बुडते यावरून हीच घनता अधिक बारकाईने दाखवते. परंतु तेही फसू शकते: दुधातली साय काढली की घनता वाढते, मग पाणी घातले की ती खाली येऊन पुन्हा मूळ आकड्यावर येते.

वायूंची घनता घरच्या काट्यावर मोजता येत नाही, पण तिचा आकडा माहीत असावा. खोलीतल्या हवेची घनता सुमारे १.२ किलोग्रॅम प्रति घनमीटर असते, म्हणजे ३ मीटर लांब, रुंद आणि उंच खोलीतली हवा सुमारे ३२ किलोग्रॅम भरते. स्वयंपाकाचा गॅस हवेच्या दीडपट ते दुप्पट घन असतो, म्हणून गळती झाल्यावर तो वर न जाता जमिनीलगत साचतो. वरची खिडकी उघडी आहे म्हणून निर्धास्त राहू नये, दार उघडावे.

ढिगाची घनता: वाळू, खडी आणि सिमेंट

घर बांधताना हा विषय थेट खिशाशी येतो. आपल्याकडे वाळू आणि खडी ब्रासने विकली जाते. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच सुमारे २.८३ घनमीटर. वाळूचा एकेक कण क्वार्ट्झचा (गारेचा) असला तर त्याची घनता सुमारे २.६५ असते, पण कोरड्या वाळूच्या ढिगाची घनता साधारण १.६ असते, कारण ढिगातली सुमारे ४० टक्के जागा कणांमधल्या हवेची असते. त्यामुळे १ ब्रास कोरडी वाळू सुमारे साडेचार टन भरते. कणाची घनता आणि ढिगाची घनता हे दोन वेगळे आकडे आहेत आणि कोणता वापरायचा हे न ठरवता केलेला हिशेब निरुपयोगी असतो.

ओल्या वाळूत आणखी एक अडचण असते. थोडीशी ओलसर वाळू फुगते: प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ थर बसून कण एकमेकांपासून दूर राहतात आणि ५ ते ८ टक्के ओलाव्याला बारीक वाळूचे आकारमान वीस-तीस टक्क्यांनी वाढू शकते. ब्रास तोच भरतो, पण त्यात वाळू कमी असते. पूर्ण पाण्यात बुडवल्यावर ती पुन्हा मूळ आकारमानावर येते. घरी तपासण्यासाठी सरळ बाजूच्या डब्यात ओलसर वाळू न दाबता भरून तिची उंची मोजावी, वाळू काढून डबा अर्धा पाण्याने भरावा, तीच वाळू पुन्हा त्यात हळूहळू सोडून ढवळावी आणि खाली बसलेल्या वाळूची उंची मोजावी. पहिली उंची २० आणि दुसरी १६ सेंटिमीटर आली, तर वाळू पंचवीस टक्के फुगलेली होती.

सिमेंट मात्र वजनाने विकले जाते आणि काँक्रीट करताना पुष्कळदा मापाने घातले जाते. ५० किलोग्रॅमच्या गोणीचे आकारमान, सिमेंटची ढिगाची घनता १४४० किलोग्रॅम प्रति घनमीटर धरून, ३४.७ लिटर म्हणजे जवळजवळ सव्वा घनफूट येते. वाळू आणि खडी मोजण्यासाठी साधारण ३५ लिटरचा डबा वापरण्याचे कारण हे आहे. घमेल्याने मोजताना प्रत्येक माणूस घमेले वेगळे भरतो, आणि माझ्या मते मिश्रणातले प्रमाण बिघडण्याची सुरुवात तेथेच होते.

आकडा हाती आल्यावर

मिळालेली घनता ओळखीच्या आकड्यांशी ताडून पाहावी: ॲल्युमिनियम २.७, लोखंड ७.८७, तांबे ८.९६, पितळ साधारण ८.४ ते ८.७, चांदी १०.५, शिसे ११.३, सोने १९.३. ४२४ ग्रॅमच्या एखाद्या मूर्तीने पाण्यात ५० ग्रॅम दाखवले, तर ८.४८ हा आकडा ती भरीव पितळेची असण्याशी जुळतो. आकडा ६ आला असता, तर धातू वेगळा असेल किंवा मूर्ती आतून पोकळ असेल. दोहोंपैकी काय ते घनता एकटी सांगू शकत नाही. घनता ‘हे ते नव्हे’ असे खात्रीने सांगते, ‘हे तेच आहे’ असे कधीच खात्रीने सांगत नाही.

दागिन्यांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे. २२ कॅरेट सोन्याची घनता, त्यात तांबे आहे की चांदी यानुसार, सुमारे १७.६ ते १८ असते. १० ग्रॅमची अंगठी जेमतेम ०.५६ घनसेंटिमीटर जागा व्यापते, म्हणून स्वयंपाकघरातला काटा येथे पूर्णपणे निकामी आहे आणि ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावरही उत्तर १७.५ ते १८.२ यांमध्ये फिरते. बोरमाळेच्या मण्यांत लाख भरलेली असते, त्यामुळे तिची घनता सोने कितीही चांगले असले तरी कमीच येणार. उलट टंगस्टन या धातूची घनता १९.२५, म्हणजे जवळजवळ सोन्याइतकीच असते आणि त्यावर सोन्याचा मुलामा दिला तर ही कसोटी काहीच सांगत नाही. दागिन्याच्या शुद्धतेसाठी हॉलमार्कच पाहावा.

घनतेचा एक उपयोग मात्र असा आहे की त्यात आकडा काढावाच लागत नाही. भाताची रोपवाटिका टाकण्यापूर्वी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे ओतण्याची शिफारस शेतकऱ्यांना केली जाते. मिठामुळे पाण्याची घनता सुमारे १.०२ होते, म्हणून साध्या पाण्यात कसेबसे बुडणारे अर्धवट भरलेले दाणेही आता वर येतात. ढवळून पाणी स्थिर झाले की तरंगणारे पोचट बी काढून टाकावे, तळाशी बसलेले बी स्वच्छ पाण्याने दोनतीनदा धुऊन मीठ पूर्ण काढावे, आणि सावलीत वाळवून मगच पेरावे.